भौतिकीत संशोधन करायचे, पण कशात?

बारावीचा निकाल लागला की शिक्षकांकडे येणाऱ्या मुलांत एखादा-दुसरा असा निघतो, की ज्याला इंजिनिअर किंवा डॉक्टर व्हायचे नसते. तो म्हणतो, ‘मला भौतिकीत संशोधन करायचे आहे. कोणता विषय घेऊ?’ मग त्याच्याकडून काही नावे येतात : कृष्णविवरे, मूलकण, क्वांटम संगणक. या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. ‘आधी मार्क आण, मग बघू’ हे एक आणि ‘स्कोप कशात आहे ते पाहा’ हे दुसरे. पहिल्या उत्तराने प्रश्न पुढे ढकलला जातो. दुसरे उत्तर ज्याच्या आधारे द्यायचे, तो ‘स्कोप’ दहा वर्षांनी कुठे असेल हे कोणालाच माहीत नसते. या प्रश्नाला शिक्षकाला काही उपयोगी उत्तर देता येईल का, ते या लेखात पाहू.

प्रश्न केवळ आवडीचा नाही. सतरा वर्षांच्या मुलाचा हिशोब मांडून पाहा. पदवीची तीन किंवा चार वर्षे, पदव्युत्तर शिक्षणाची एक-दोन, पीएच.डी.ची पाच-सहा. म्हणजे डॉक्टरेट हाती येईपर्यंत तो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होतो आणि त्यानंतरही कायम नोकरी मिळेपर्यंत दोन-चार वर्षे तात्पुरत्या संशोधनवृत्तीवर काढावी लागतात. पीएच.डी.च्या काळात शिष्यवृत्ती असते. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७ हजार आणि वरिष्ठ संशोधकाला ४२ हजार रुपये (घरभाडे वेगळे) मिळतात. एका माणसाचा खर्च त्यात निघतो, पण घराला लावण्याइतकी शिल्लक उरतेच असे नाही. उलव्यासारख्या ठिकाणी, जिथे काही कुटुंबांची शेती आणि खाडी प्रकल्पांत गेली आणि काही कुटुंबे घराचे हप्ते फेडण्यासाठी नुकतीच येऊन राहिली, तिथे हा हिशोब पालकांसमोर स्पष्ट मांडला पाहिजे. संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या मुलाला पुढे घरातूनच ‘आम्हाला कोणी सांगितले नव्हते’ असे ऐकावे लागू नये.

क्षेत्र म्हणजे पुस्तकातले प्रकरण नव्हे

पाठ्यपुस्तकात भौतिकी प्रकरणांत विभागलेली असते : यांत्रिकी, उष्णता, प्रकाश, विद्युत्, अणुकेंद्र. त्यामुळे मुलांना वाटते, की आवडते प्रकरण म्हणजेच आपले संशोधनाचे क्षेत्र. प्रत्यक्षात संशोधकाच्या कामाला दोन बाजू असतात. तो *कशाचा* अभ्यास करतो ही एक आणि *कसे* काम करतो ही दुसरी. मुले पहिलीच बाजू पाहतात. आयुष्याचे दिवस मात्र दुसऱ्या बाजूने भरतात.

कामाच्या पद्धती ढोबळपणे चार आहेत. काही जण कागद-पेन्सिल आणि फळ्यावर सिद्धान्त मांडतात. काही जण प्रयोगशाळेत पदार्थ तयार करून त्यांची मापने घेतात. काही जण दुर्बीण, शोधक किंवा वेधयंत्र उभारून ते चालते ठेवतात. काही जण संगणकावर प्रतिकृती बनवतात किंवा जमलेल्या प्रचंड नोंदींतून अर्थ काढतात. कृष्णविवरांवर या चारही पद्धतींनी काम चालते. म्हणून ‘मला कृष्णविवरे आवडतात’ या वाक्यावरून तो मुलगा सकाळी उठून काय करणार आहे, हे अजिबात कळत नाही.

उलव्याभोवती एक वर्तुळ

नकाशावर कंपासचे टोक उलव्यावर ठेवून सुमारे ४० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्यात भौतिकीच्या जितक्या शाखा सापडतात, तितक्या देशात फार थोड्या ठिकाणी सापडतील. आपण एकच राशी घेऊन या वर्तुळात फिरू. ती राशी म्हणजे चुंबकीय क्षेत्र. दहावीच्या मुलालाही ती ठाऊक असते.

उलव्याच्या पूर्वेला, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास चालतो. आपल्या भागात हे क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला, म्हणजे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे. ते स्थिर नसते. दिवसा सूर्यामुळे शंभरेक किलोमीटर उंचीवरील आयनांबरात विद्युत्प्रवाह वाहू लागतात आणि त्यामुळे जमिनीवरील क्षेत्र चाळीस-पन्नास नॅनोटेस्लाने वरखाली होते. हजारात एक भागाएवढा हा बदल वर्षानुवर्षे, न चुकता नोंदणे हे येथील काम.

पश्चिमेला पाण्यापलीकडे ट्रॉम्बे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीतून (१९८५) मिळणारे न्यूट्रॉन पदार्थावर सोडतात. न्यूट्रॉनला विद्युत्भार नसला तरी तो स्वतः एक इवलासा चुंबक असतो. त्यामुळे पदार्थातील अणूंचे चुंबक कोणत्या दिशांनी रचलेले आहेत, हे तो विखुरताना सांगून जातो. राशी तीच, पण इथे संशोधक अणुभट्टीशेजारच्या यंत्रावर मिळालेल्या ठरावीक दिवसांत मापने उरकतो आणि पुढचे काही महिने आकडे सोडवत बसतो.

दक्षिण मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे एस. एस. धर्माट्टी यांनी १९५० च्या दशकात केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाचे काम सुरू केले. त्याआधी, १९५१ साली, अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवले होते, की अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजनची अणुकेंद्रे शेजारच्या अणूंप्रमाणे वेगवेगळ्या वारंवारतेला प्रतिसाद देतात. भौतिकीचा हा शोध पुढे रसायनशास्त्रज्ञांचे रोजचे हत्यार बनला. त्याच तत्त्वावर आज रुग्णालयातले एमआरआय यंत्र चालते. त्यातले क्षेत्र बहुधा दीड टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पस्तीस हजार पट.

खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, ‘अॅक्ट्रेक’मध्ये, प्रोटॉनचा झोत चुंबकांनी वळवून रुग्णाच्या गाठीवर नेमका सोडतात. तिथे डॉक्टरांच्या बरोबरीने भौतिकी शिकलेले लोक काम करतात. एम.एस्सी.नंतर ट्रॉम्बे येथे किरणोत्सारी भौतिकीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम असतो. ज्या मुलाला लवकर मिळवते होणे भाग आहे आणि तरीही भौतिकी सोडायची नाही, त्याच्यासाठी ही वाट पालकांना जरूर दाखवावी. पवईच्या आयआयटीत २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेखाली क्वांटम संवेदनाचे केंद्र आहे. अणूंच्या क्वांटम गुणांचा उपयोग करून अतिक्षीण क्षेत्रे मोजण्याचे प्रयत्न हा या क्षेत्रातलाच एक भाग.

राशी एकच, पण कामे पाच आणि जगणीही पाच. म्हणून मुलाला ‘कोणता विषय?’ एवढेच न विचारता ‘त्यातले कोणते काम?’ असे विचारले पाहिजे.

नीरस वाटणाऱ्या नोंदी

या पाचांपैकी कोणते काम मुलांना सर्वांत कमी आकर्षक वाटेल? बहुधा पहिले. रोज तेच क्षेत्र मोजायचे, त्यात संशोधन ते काय? म्हणून त्याच कामाचा इतिहास थोडा सविस्तर पाहू.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवरच्या ट्राम आणण्याचे ठरू लागले. विजेच्या ट्रामचे प्रवाह जमिनीतून परतताना वेधशाळेची सूक्ष्म मापने बिघडवणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत चुंबकीय गुण नसलेल्या दगडाची आणि साहित्याची बांधली. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मापने घेतली. हेतू हा, की जुनी आणि नवी मालिका एकमेकींशी जुळवता यावी. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा नोंदींचा धागा अलिबागला सुखरूप पोहोचला होता.

त्या धाग्याचे मोल पुढे कळले. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. तारायंत्रे बिघडली आणि नेहमी ध्रुवाजवळ दिसणारा प्रकाश उष्ण कटिबंधाजवळही दिसला. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी शिरस्त्याप्रमाणे वाचने टिपली. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. तब्बल १४४ वर्षांनी, २००३ साली, भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर हे आकडे पुन्हा तपासले आणि त्या वादळाची तीव्रता जगापुढे मांडली. आज हा प्रश्न निव्वळ इतिहासाचा राहिलेला नाही. १३ मार्च १९८९ रोजी अशाच, पण लहान वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतातले सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे योगायोगाने त्याच तारखेला, सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले आणि त्यावर चुंबकत्वमापकही आहे.

१९०४ साली अलिबागला रुजू झालेल्या तरुणाला ‘अवकाश हवामान’ हा शब्दही माहीत नव्हता. विषय त्याच्या कामातून पुढे जन्मला.

गाजलेली क्षेत्रे आणि रखडलेले प्रकल्प

याच्या उलट बाजूही मुलांना सांगावी. १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तुलनेने उच्च तापमानाला अतिवाहक होणारा पदार्थ शोधला. १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि जगभरच्या प्रयोगशाळा या विषयाकडे धावल्या. विषय आजही जिवंत आहे, पण हे पदार्थ असे का वागतात याचे सर्वमान्य उत्तर जवळजवळ चाळीस वर्षांनंतरही मिळालेले नाही. लवकर उत्तर मिळेल म्हणून आलेल्यांची निराशा झाली. पदार्थ तयार करण्याची आणि मोजण्याची कला शिकलेले मात्र त्याच कलेवर नव्या पदार्थांकडे वळले.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा उभारायची, तीत सुमारे ५० हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक बसवायचा, अशी टाटा संस्थेच्या पुढाकाराची योजना होती. २०१५ च्या सुरुवातीस केंद्राची मंजुरी जाहीर झाली. पुढे स्थानिक विरोध, पर्यावरणाचे आक्षेप आणि न्यायालयीन वाद यांत ती अडकली आणि डोंगरातील वेधशाळा उभी राहिली नाही. त्या आशेवर पीएच.डी.ला आलेले विद्यार्थी होते. त्यांच्यासाठी संशोधनाचे शिक्षण वाया गेले नाही, कारण कणशोधक बनवणे, इलेक्ट्रॉनिकी आणि नोंदींचे विश्लेषण त्यांना आले. मदुराईजवळ ८५ टनांची छोटी प्रतिकृतीही चालली. पण जो मुलगा केवळ त्या एका प्रकल्पाच्या नावावर भाळून आला असेल, त्याला हा धक्का जड गेला असणार.

दोन्ही उदाहरणांचा बोध एकच. विषयाचे भवितव्य आपल्या हाती नसते, शिकलेले काम मात्र आपलेच राहते.

क्षेत्र बदलले, हात तेच

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या आयुष्यात. १९५० साली अलाहाबादहून एम.एस्सी. झाल्यावर ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली रुजू झाले. पहिले काम होते इलेक्ट्रॉनचे चुंबकीय अनुस्पंदन मोजण्याचे उपकरण तयार करण्याचे. त्यासाठी त्यांनी युद्धानंतर मोडीत निघालेल्या रडारचे भाग वापरले आणि तीन सेंटिमीटर लहरींची इलेक्ट्रॉनिकी पुस्तकांवरून शिकून घेतली. तोपर्यंत खगोलशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता.

१९५२ साली कृष्णन ऑस्ट्रेलियातील परिषदेहून परतले आणि त्यांनी रेडिओ खगोलशास्त्र या नव्या विषयाची माहिती दिली. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायच्या तर लागणारी विद्या तीच होती, जी स्वरूप शिकले होते. १९५३ साली ते सिडनीला गेले. तिथे वापरातून बाद होणाऱ्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या भारताला देणगीदाखल मिळाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली. पुढे अमेरिकेत पीएच.डी. करून १९६३ साली ते टाटा संस्थेत आले आणि १९६५ साली त्याच तबकड्या आपल्या वर्तुळातल्या कल्याणला उभ्या राहिल्या. त्यांनी सूर्याचे वेध घेतले. पुढे उटीची दुर्बीण (१९७०) आणि नारायणगावजवळ खोडद येथील प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण ही त्याच वाटेवरची पुढची पावले. खोडदला ज्या ताऱ्यांचे वेध घेतले जातात त्यांत स्पंदकही आहेत. त्यांतील अनेकांचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या लाख कोटी पटींहून अधिक असते.

सैद्धान्तिक कामातही असेच घडते. धुळे जिल्ह्यातील शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी १९८६ साली आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाची समीकरणे नव्या चलांत मांडली. त्यामुळे त्यांचे रूप विद्युत्-चुंबकीय सिद्धान्ताच्या धाटणीचे झाले आणि एका क्षेत्रात तयार झालेली गणिती हत्यारे दुसऱ्यात चालू लागली.

वर्गात करून पाहण्याजोगे

मग कोणत्या मुलाला कोणते काम जमेल हे ओळखायचे कसे? गुणपत्रिकेवरून ते कळत नाही. एक साधा प्रयोग सुचवतो. मोबाइलमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा संवेदक असतो. फायफॉक्ससारख्या मोफत अॅपवर त्याची वाचने दिसतात. चार-पाच मुलांना पुढील काम द्यावे.

(१) वर्गात, जिन्याखाली, मोकळ्या मैदानात आणि खारकोपर स्थानकाबाहेर क्षेत्र मोजा. सिमेंटच्या इमारतीतल्या सळयांमुळे आकडे बदलतील.

(२) मैदानात एकाच जागी, मोबाइल न हलवता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला वाचन घ्या. दिवसाचा नैसर्गिक बदल सापडतो का पाहा.

तो सापडणार नाही. तो बदल मायक्रोटेस्लाच्या विसाव्या भागाएवढा आहे आणि मोबाइलच्या वाचनातला गोंधळ त्याहून मोठा. इथेच प्रयोगाचा खरा भाग सुरू होतो. आता मुले काय करतात ते पाहावे.

एखादी म्हणेल, ‘मुळात हा बदल होतोच का? दुपारीच का?’ ती आयनांबरावर प्रश्न विचारत राहील. दुसरा म्हणेल, ‘हे यंत्रच नीट नाही. दोऱ्याला चुंबक टांगून, त्यावर आरसा चिकटवून, भिंतीवर प्रकाशाचा ठिपका पाडला तर?’ जुन्या वेधशाळांतली यंत्रे याच तत्त्वावर चालत, हे त्याला मग सांगावे. तिसरी हजार वाचने घेऊन सरासरी काढू पाहील आणि सरासरीने गोंधळ कमी होतो, पण मोबाइल तापल्याने होणारा घसारा जात नाही, हे तिच्या लक्षात येईल. चौथा कंटाळेल. त्यातही वाईट काही नाही. भौतिकी वाचायला आवडणे आणि न मिळणाऱ्या उत्तरामागे महिनोन्‌महिने लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे सतराव्या वर्षी कळलेले बरे.

एका प्रयोगावरून शिक्का मात्र मारू नये. वर्षभरात असे तीन-चार प्रसंग दिले, की कल लक्षात येतो.

निवड केव्हा करायची?

बारावीला नाही, हे मुलांना ठासून सांगावे. खरी निवड एम.एस्सी.च्या शेवटी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी होते. बारावीनंतर दारे बंद होऊ न देणे एवढेच करायचे असते. पुण्याच्या आयसरसाठी संस्थेची अभियोग्यता चाचणी आहे. कलिन्याच्या विद्यापीठ आवारातील मूलभूत विज्ञान केंद्रासाठी ‘नेस्ट’ ही परीक्षा आहे. जवळच्या चांगल्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून ‘जॅम’ परीक्षेने आयआयटीत एम.एस्सी.ला जाणे ही वाटही तितकीच राजमार्गाची आहे. नेरूळला गाडी बदलून मानखुर्दला उतरले, की होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथून भौतिकी ऑलिंपियाडचे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शिबिरांचे काम चालते. एम.एस्सी.नंतर नोकरीसह संशोधनाकडे जायचे, तर १९५७ पासून चालत आलेले ट्रॉम्बेचे प्रशिक्षण विद्यालय आहे.

तोपर्यंत कोणत्याही क्षेत्रात उपयोगी पडणाऱ्या चार गोष्टी पक्क्या कराव्यात : गणित, एक संगणकीय भाषा, प्रयोगवहीत प्रामाणिक नोंद ठेवण्याची सवय आणि इंग्रजीतला शास्त्रीय मजकूर सावकाश का होईना, स्वतः वाचण्याची क्षमता. आणि निवडीची वेळ येईल तेव्हा विषयाच्या नावाइतकेच मार्गदर्शकाकडे लक्ष द्यावे. त्याचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत पूर्ण करून बाहेर पडले, आज काय करतात, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. हे विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा मुलगा विचारील, ‘सर, भौतिकीत कशात संशोधन करू?’ तर त्याला विषयाचे नाव सांगण्याची घाई करू नये. त्याच्या हाती एक मोजमापाचे काम द्यावे, महिन्याभराने त्याची वही पाहावी आणि मग त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलायला बसावे.